फुटला तो ग्लास कुणाचा?

बारावीची परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंतचे दोन-अडीच महिने मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका हॉटेलात काम केलं. एसटी स्टँडसमोरचं हॉटेल. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या मुक्कामी गाडीपर्यंत गिऱ्हाईक असायचं. टेबलं पुसायची, पाणी द्यायचं, रिकाम्या कपबश्या मोरीकडे न्यायच्या, हे माझं काम. पगार महिना सहाशे रुपये आणि दोन वेळचं जेवण. एका रविवारी लग्नाचं वऱ्हाड उतरलं. एरवी ट्रेमध्ये सहा-सात ग्लास घ्यायची पद्धत होती. त्या दिवशी मॅनेजर ओरडले, "एकाच खेपेत घेऊन ये." मोरीजवळची फरशी नेहमीसारखी ओली होती. पाय सरकला आणि अकरा ग्लास गेले. तळहाताला काच लागली, जखमेवर हळद दाबून मी पुन्हा कामाला लागलो.

महिनाअखेरीला शेठनी वही उघडली आणि सहाशेतून एकशे दहा वजा केले. मी गप्प राहिलो. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुझ्याच हातून फुटले ना रे? मग भरून द्यायलाच हवेत." शेजारणीची लोणच्याची बरणी फुटली तर दुसऱ्या दिवशी नवी बरणी नेऊन देणारी बाई ती. तिच्या हिशेबी यात अन्याय काहीच नव्हता, आणि पुढची कितीतरी वर्षं माझ्याही हिशेबी नव्हता.

हे प्रकरण त्या बरणीबद्दलच आहे. उसनी आणलेली बरणी आणि कामावरचा ग्लास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. शेजारणीने बरणी दिली ती उपकार म्हणून. तिला त्यातून काही मिळणार नव्हतं, म्हणून नुकसानही तिच्या माथी येता कामा नये. हॉटेलातला ग्लास मात्र कमाईसाठी मांडलेला असतो. दिवसाला हजार वेळा ग्लास उचलला, विसळला, ठेवला जात असेल तर त्यातले काही फुटणारच. कोणत्या दिवशी आणि कुणाच्या हातून, एवढंच ठरलेलं नसतं. गॅस संपतो, दूध नासतं, ग्लास फुटतात. धंदा जाणणारा माणूस हे धरूनच चहाचा भाव ठरवतो. मोठ्या हॉटेलांच्या हिशेबात तर 'ब्रेकेज' नावाचा खर्च वेगळा मांडलेला असतो. म्हणजे फुटलेल्या ग्लासाचे पैसे गिऱ्हाइकाने चहाच्या बिलातून आधीच दिलेले असतात. तेच पैसे पोराच्या पगारातून कापले की वसुली दोनदा होते.

त्या रविवारी ट्रेमध्ये जास्त ग्लास भरायला लावले कुणी? फरशी ओली ठेवली कुणी? वऱ्हाडाची कमाई गेली कुणाच्या गल्ल्यात? तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे बोट दाखवत नाहीत. माझ्याकडे बोट दाखवणारी एकच गोष्ट होती: ट्रे माझ्या हातात होता.

हा वाद जुना आहे. १८८८ साली लंडनच्या पूर्व भागातल्या बो इथल्या ब्रायंट अँड मे या आगपेटी कारखान्यात पोरी काम करत. त्यांच्यावर दंडांचा मारा असे. पाय मळलेले असले तर दंड, कामावर बोललं तर दंड. ॲनी बेझंट यांनी त्या पोरींकडून माहिती घेऊन २३ जून १८८८ रोजी 'द लिंक' या आपल्या पत्रात लेख लिहिला. पुढे भारतात होमरूल चळवळ चालवणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या याच त्या ॲनी बेझंट. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. एका मुलीची बोटं यंत्रात सापडणार होती. ती वाचवण्याच्या धडपडीत यंत्रावरची पट्टी गुंडाळली जाऊन अडकली. तिला एक शिलिंग दंड झाला आणि वर ऐकवण्यात आलं की यंत्र सांभाळ, बोटांचं सोड. त्याच कारखान्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीची कमाई बेझंटबाईंनी नोंदवली आहे: आठवड्याला चार शिलिंग. त्या मापाने एक शिलिंग म्हणजे पाव आठवड्याची भाकरी. लेखानंतर जुलैच्या सुरुवातीला सुमारे चौदाशे बायका-पोरी संपावर गेल्या आणि दोन-अडीच आठवड्यांत कंपनीला दंड आणि कपाती बंद कराव्या लागल्या. आठ वर्षांनी, १८९६ साली, ब्रिटिश संसदेने कायदा करून मालमत्तेच्या नुकसानीबद्दलची कपात प्रत्यक्ष किंवा अंदाजलेल्या नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि परिस्थिती पाहता ती रास्त असावी, अशी अट घातली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत हीच गोष्ट कापडाच्या रूपाने घडत होती. साच्यावर विणलेल्या कापडात दोष निघाला की तो ताका विणकराच्याच गळ्यात मारायचा आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची, ही तिथली रीत. दोष कच्च्या सुताचा असेल, हवेतल्या दमटपणाचा असेल, जुन्या साच्याचा असेल. ताका मात्र विणकराच्या खांद्यावर. विणकर तो बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला विकायचा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या जोडीला वेळेवर पगाराची मागणी होती. कष्ट केल्यावर पैसे हातात कधी आणि किती पडतील याची खात्री नसणं, हे त्या पिढीचं रोजचं दुखणं होतं.

त्यावर कायद्याचा उतारा यायला आणखी अर्धशतक गेलं. १९२९ साली जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत आपले कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी होते. आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. त्यातली शिफारस त्या काळच्या नाण्यात होती: दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, आणि लहान मुलांना दंड अजिबात नको. सोळा आण्यांचा रुपया; म्हणजे अर्धा आणा हा रुपयाचा बत्तिसावा भाग. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. आज दंडावर तीन टक्क्यांची जी मर्यादा आहे, ती त्या अर्ध्या आण्याचीच नात आहे.

१९३६ चा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आहे. जुना कायदा ठरावीक पगारापर्यंतच्याच कामगारांना लागू होता. शेवटी शेवटी ती मर्यादा महिना चोवीस हजार रुपये होती. संहितेत वेतन देण्याच्या नियमांपुरती अशी मर्यादा नाही. कपातीचे नियम कलम १८ ते २३ मध्ये आहेत, आणि दुकानात, हॉटेलात, शोरूममध्ये पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला ते तोंडपाठ असावेत असं मला मनापासून वाटतं.

कायदा सुरुवातच नकाराने करतो. संहितेने परवानगी दिली आहे तेवढ्याच कारणांसाठी कपात करता येते, एरवी नाही. त्या कारणांत नुकसानीचं कारण आहे, पण त्याला अटींची तटबंदी आहे. पहिली अट अशी की वस्तू त्या माणसाकडे सांभाळायला स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे, किंवा ज्या पैशांचा हिशेब देणं त्याच्याकडे होतं ते पैसे कमी भरले पाहिजेत. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गोदामातला माल सोपवलेला असतो. टेबलावरून मोरीपर्यंत ग्लास नेणाऱ्या पोराकडे हॉटेलचे ग्लास सांभाळायला 'सोपवले' होते, असं म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं. दुसरी अट याहून मोलाची. नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असलं पाहिजे. हयगय आणि अपघात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोबाईलवर बोलत बोलत एका हाताने ट्रे नेला, तर हयगय. ओल्या फरशीवर पाय सरकला, तर अपघात. 'तुझ्या हातून फुटलं' हे वाक्य कायद्याला पुरत नाही. 'तुझ्या हयगयीमुळे फुटलं' हे दाखवावं लागतं.

आणि दाखवण्याआधी विचारावं लागतं. कलम २१ सांगतं की कपातीविरुद्ध आपलं म्हणणं मांडायची संधी कामगाराला दिल्याशिवाय कपात करता येत नाही. माझ्या शेठनी वही उघडली तेव्हा आकडा आधीच लिहिलेला होता. आजही बहुतेक ठिकाणी असंच घडतं. पोराला कळतं ते पगार खात्यात कमी जमा झाल्यावर. एवढ्या एका कारणावरूनही ती कपात बेकायदा ठरते, मग ग्लास कसाही फुटलेला असो.

रकमेचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कपात नुकसानीच्या रकमेहून जास्त असू शकत नाही. मालकाचं नुकसान म्हणजे काय? दुकानात मोबाईलचं कव्हर तुटलं तर कापतात ते एमआरपीने. एमआरपीत दुकानदाराचा नफा असतो, आणि त्याने ते कव्हर आणलेलं असतं खरेदीच्या भावाने. तीन वर्षं वापरलेल्या मिक्सरची किंमत नव्या मिक्सरएवढी नसते. विम्याचे पैसे मिळाले असतील किंवा गिऱ्हाइकाकडून वसूल केले असतील, तर तेवढं नुकसान उरलेलंच नाही. हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याचं वय अठरा-एकोणीस असतं आणि समोरचा माणूस त्याच्या वडिलांच्या वयाचा असतो.

एक रीत मला सर्वांत जास्त खटकते. रात्री गल्ला मोजताना आठशे रुपये कमी भरले की ते चार पोरांत वाटून टाकायचे, प्रत्येकी दोनशे. नुकसान 'थेट त्याच्या' हयगयीमुळे झालं पाहिजे, असं कायदा म्हणतो. कुणाची हयगय हे ठाऊक नाही म्हणून सगळ्यांवर सारखी वाटणी, याला त्यात जागा नाही. पगारातून न कापता रोख भरून घेण्याची युक्तीही चालत नाही. कामगाराने मालकाला दिलेली कोणतीही रक्कम ही पगारातली कपातच समजावी, असं संहितेचं स्पष्टीकरण आहे. 'आम्ही कापलं नाही, त्यानेच आणून दिले' हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. दंड असेल तर तो त्या पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंत. बारा हजार पगार असेल तर महिन्याचा दंड तीनशे साठ रुपयांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. तोही सरकारने मान्य केलेल्या आणि आधी सूचना लावून जाहीर केलेल्या चुकांसाठीच, आणि ते पैसे मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचे. पंधरा वर्षांखालच्याला दंड करताच येत नाही.

जगात काही ठिकाणी विचार याच्याही पुढे गेला आहे. १९५७ हे वर्ष त्या दृष्टीने मोठं विलक्षण. त्या वर्षी इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला होता. रॉमफर्डच्या बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत एक मुलगा लॉरी चालवायचा आणि त्याचे वडील त्याच लॉरीवर मदतनीस होते. १९४९ साली लॉरी मागे घेताना वडिलांना इजा झाली. कंपनीने, म्हणजे तिच्या विमा कंपनीने, वडिलांना भरपाई दिली आणि मग ती मुलाकडून वसूल करायला निघाली. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी वसुली योग्य ठरवली. हप्ता मालकाने भरला होता, विमा अशाच अपघातासाठी होता, तरी बोजा शेवटी चालवणाऱ्या मुलावर पडला. निकालावर इतकी टीका झाली की विमा कंपन्यांनी आपसात समझोता करून अशी वसुली न करण्याचं ठरवलं. संगनमत किंवा जाणूनबुजून केलेलं वाईट कृत्य तेवढं अपवाद.

त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने उलटी वाट धरली. ज्या कामात चूक होण्याचा धोका मुळातच भरलेला आहे, त्या कामात क्षुल्लक हयगयीची भरपाई कामगाराकडून मागायची नाही, मध्यम स्वरूपाची असेल तर मालक आणि कामगार यांत वाटणी करायची, आणि घोर हयगय किंवा हेतुपुरस्सर नुकसान असेल तर कामगाराकडे बोट दाखवायचं. १९९४ साली हे तत्त्व नोकरीतल्या सगळ्याच कामांना लागू झालं. त्यामागचा विचार एखाद्या शेतकऱ्यालाही सहज पटेल. यंत्र कुठलं घ्यायचं, माणसं किती ठेवायची, किती वेगाने काम करवून घ्यायचं हे सगळं मालक ठरवतो, विमा काढायचा की नाही हेही तोच ठरवतो. मग त्या कामातल्या धोक्याचा मोठा वाटा त्याच्याकडे असावा. दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईच्या हातून चार रोपं मोडली तर तिच्या मजुरीतून रोपांचे पैसे कापायचं आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. हॉटेलात आणि शोरूममध्ये ते येतं, कारण तिथे प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावलेली असते.

या सगळ्यात तरुण पोरंच का भरडली जातात? अज्ञान हे कारण आहेच, पण मला त्याहून खोल कारण दिसतं. वस्तू खरंच त्यांच्या हातून फुटलेली असते. चोरीचा खोटा आळ आला तर पोरगं पेटून उठेल. फुटलेल्या ग्लासाच्या वेळी मात्र त्याचं स्वतःचं मनच मालकाच्या बाजूने साक्ष देतं. आपल्याकडची चांगली घरं मुलांना प्रामाणिकपणा शिकवतात, आणि त्याच प्रामाणिकपणाच्या जोरावर ही वसुली बिनबोभाट होते. माझ्या आईचं चुकलं नव्हतं. तिला बरणीचा नियम ठाऊक होता, कामाचा नियम तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

त्यात भीतीची भर पडते. 'पोलिसात देईन' हे वाक्य दुकानांत फार सहज वापरलं जातं. नकळत झालेलं नुकसान हा गुन्हा नाही. मालमत्तेच्या खोडसाळ नुकसानीचा गुन्हा व्हायला तसा हेतू असावा लागतो किंवा नुकसान होणार याची जाण असावी लागते. अनुभवाचा दाखला मिळणार नाही, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू, शेवटचा पगार देणार नाही, अशा धमक्याही असतात. शेवटच्या पगाराबद्दल संहिता स्पष्ट आहे: काम सोडलं किंवा काढलं, तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे.

कायद्याच्या भिंतीला भगदाडं आहेत, हेही सांगितलं पाहिजे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली घेतलेले उमेदवार वेतन संहितेच्या 'कर्मचारी' या व्याख्येत येत नाहीत. घरोघरी जेवण आणि सामान पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या कर्मचारी मानत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. सांडलेल्या डब्याचे पैसे त्यांच्या खात्यातून वळते झाले तर ही कलमं त्यांच्या मदतीला धावून येतील याची खात्री नाही. आजच्या तरुणांचा मोठा भाग नेमका याच भगदाडांत उभा आहे, आणि माझ्या मते ही पुढची लढाई आहे.

जे कर्मचारी आहेत त्यांना मात्र दाद मागता येते. संहितेखाली तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. कापलेली रक्कम तर परत मिळतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. कमी पगार किंवा बेकायदा कपात असा दावा आला की पैसे नीट दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. पगाराची चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे. चिठ्ठी नसेल तर व्हॉट्सॲपवरचा 'या महिन्यात एवढे कट' असा निरोपही जपून ठेवावा. वाट जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून जाते, आणि स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतली एक मुलगी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामाला लागली. जुना कायदाच तेव्हा चालू होता, पण या बाबतीत दोन्ही कायदे एकच बोलतात. फळीवरून खोकं काढताना शेजारची अत्तराची बाटली पडली. फळी डोक्याच्या वर दोन हात, आणि शिडी दुकानात नव्हतीच. एमआरपी तीन हजार आठशे. 'पुढच्या पगारात बघू,' असं तिला सांगण्यात आलं. ती रडत माझ्याकडे आली ती पैसे उसने मागायला. तक्रार करायचं तिच्या मनातही नव्हतं. "काका, फुटली तर माझ्याच हातून ना," ती म्हणाली. मला आई आठवली.

आम्ही दोघांनी बसून एका कागदावर पत्र लिहिलं, भाषा साधी आणि आदराची. मालकांना 'साहेब' म्हणून विचारलं की ही बाटली माझ्या ताब्यात सांभाळायला दिली होती का, शिडी नसताना खोकं काढायला सांगितलं यात माझी हयगय कोणती, बाटलीची खरेदी किंमत किती आणि दुकानाचा विमा आहे का. माझं म्हणणं ऐकल्याशिवाय पगार कापू नये, अशी शेवटी विनंती. खाली तारीख आणि सही. एक प्रत तिने स्वतःजवळ ठेवली आणि दुसरीवर दुकानातल्या मॅनेजरकडून 'मिळाले' असं लिहून घेतलं. ते लिहून मागायला तिला दोन दिवस लागले, कारण हात थरथरत होता.

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पगार जमा झाला. तिने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि आम्ही दोघांनी आकडा दोनदा मोजला. बाटलीचे पैसे कापले नव्हते. मावशीच्या घरच्या बारशाला गेली होती त्या एका दिवसाच्या खाड्याचे तेवढे कापले होते, आणि ते बरोबर होते.